ठिणगीला दुखतं

मावशींच्या पागेत एक शब्द बोलायला बंदी होती. घोडी माजावर आली आहे म्हणून नीट चालत नाही, असं ज्याच्या तोंडून निघेल त्याने त्या दिवशी उकिरडा उपसायचा. एकट्याने. मग तो मोतद्दार असो, फी भरून शिकायला येणारा बँकेतला साहेब असो, नाहीतर पाहुणा म्हणून डोकावलेला एखादा जुना घोडेस्वार असो. पागाभर घोड्यांची लीद उपसणं म्हणजे थट्टा नाही. एकदा उपसली की माणूस तो शब्द पुन्हा जन्मात काढत नसे. शब्द फिरवून बोलणाऱ्यांनाही सूट नव्हती. 'तिचे ते दिवस असतील', 'बायकांची जात, चालायचंच' असं कुणी पुटपुटलं की मावशी काही न बोलता त्याच्या हातात फावडं द्यायच्या.

त्या खऱ्या मावशी होत्या एकाच मुलीच्या. बहिणीची ही लेक घोड्यांच्या वेडापायी कॉलेज संपल्यावर चार दिवस राहायला आली ती परत गेलीच नाही. तिच्या हाका ऐकून ऐकून सगळी पागा त्यांना मावशी म्हणू लागली, आणि आता बिलावरचं खरं नाव वाचलं की लोक क्षणभर विचारात पडत. साठीला टेकलेल्या, काटक, केस कानांच्या वर कापलेले. कुरकुर गुडघ्यांत होती, आवाजात नव्हती. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली, पण ती भिंतीवर न लावता खोगिरांच्या कपाटात तळाला कागद म्हणून अंथरलेली. लोक आपापले घोडे त्यांच्याकडे ठेवत, मावशी त्यांना अडथळ्यांवरून उड्या मारायला तयार करत आणि स्पर्धेत भाची त्यांच्यावर स्वार होत असे.

राहायला चाऱ्याच्या कोठारावरच्या दोन खोल्या. स्वयंपाकघरात कपबशांच्या शेजारच्या खिळ्यांना लगाम टांगलेले असत. खुर्च्या दोन, त्यांतल्या एकीवर कायम कुठलं तरी दुरुस्तीचं खोगीर बसलेलं. त्यामुळे पाहुण्याला उभ्यानेच चहा घ्यावा लागे आणि पाहुणे लवकर निघत. मावशींना तेच हवं असे.

तो नियम काही लहर म्हणून आला नव्हता. मावशी एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या रायडिंग स्कूलमधून मोठ्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. सगळ्यांत चांगली स्वारी मावशींची होती. हे त्या आपणहून सांगत नसत, पण कुणी म्हटलं तर नाकारतही नसत. सरांनी संघात सगळे मुलगे घेतले. कारण विचारायला गेल्यावर सर अगदी मायेने म्हणाले, "तू चांगलीच आहेस गं. पण मुलींचं काय, नेमकं त्या दिवशी काय निघेल सांगता येत नाही. मी घोड्यांतसुद्धा घोडी घेत नाही."

मायेने बोलले म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर मावशींनी पोटात गोळे येवोत की कंबर मोडो, एक दिवस खोगीर चुकवलं नाही. स्वतःची पागा झाल्यावर तर त्यांनी मुद्दाम घोड्याच घेतल्या. बाकीचे लोक खच्ची केलेला घोडा मागत. तो बारा महिने एकसारखा, ना तापणार ना रुसणार. मावशी म्हणायच्या, एकसारखं तर टेबलही असतं. घोडीला पटवून घ्यावं लागतं, पण एकदा पटली की ती तुमच्यासाठी भिंतीवरूनही जाते. त्या नुसतं बोलत नव्हत्या, जिंकूनही दाखवत होत्या. आजूबाजूच्या चार पागांमधली नाकारलेली घोडी शेवटी मावशींच्या दारात यायची आणि वर्षभरात बक्षीस घेऊन जायची.

ठिणगी तशीच आली. गडद तांबडी, लांब पायांची, कान सतत कामात असलेली. मालक टाइल्सवाले. शहरात त्यांचं टाइल्स आणि नळांचं मोठं दुकान होतं. पहिला घोडा त्यांनी मुलासाठी घेतला होता. मुलाचं वेड उतरलं आणि वडिलांना चढलं. शहाणा नावाचा तो खच्ची केलेला घोडा मावशींकडेच होता. ठिणगी त्यांनी स्वतःच्या हौसेने घेतली आणि पहिल्याच मोसमात तिने त्यांची मान ताठ केली.

दुसऱ्या मोसमात मात्र काहीतरी बिनसलं. एका स्पर्धेत ती पाखरासारखी जायची आणि पुढच्या स्पर्धेत मागच्या पायांनी अडथळ्यांच्या दांड्या एकामागून एक पाडायची. विशेषतः डावीकडे वळून लगेच उडी आली की पाठ ताणायचीच नाही. पोटाखालून खोगिराचा तंग आवळताना दात दाखवायची. भाचीने डावी टाच लावली की शेपूट फटकारून उभी राहायची. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लोण्यासारखी मऊ.

मावशी हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी सकाळी पागेत विचारलं, "आज हिला काय झालंय?"

मोठा मोतद्दार, ज्याला सगळे दादा म्हणत, तो ठिणगीला आल्या दिवसापासून सांभाळत होता. त्याने उकिरड्याच्या दिशेने एक नजर टाकली आणि म्हणाला, "माशा फार झाल्यात मावशी."

मावशींनी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या.

पुढच्या वेळी विचारलं तेव्हा बँकेतला साहेब म्हणाला, रिंगणातली वाळू पायाखाली सरकते बहुतेक. मावशींनी वाळू बदलली. मग कुणी म्हणालं नाल जड झाले, तर नालबंदाला बोलावणं गेलं. नालबंद म्हणाला, खूर आरशासारखे आहेत. दातांचा माणूस आला, म्हणाला दात उत्तम. खोगीर उसवून आतली लोकर नव्याने भरून झाली. सगळं झालं, आणि ठिणगी पुन्हा दांड्या पाडायला मोकळी.

शेवटी उरली भाची.

"तुझा डावा पाय झोपतो," मावशी म्हणाल्या.

"नाही झोपत."

"मग हात ओढतेस."

"मावशी, मी तिच्यावर बसते तेव्हा मला कळतं ना. कधी कधी ती आतून आखडलेली असते."

"कशाने?"

भाची तंग सैल करू लागली. पागेत शिरल्यावर पहिल्याच महिन्यात तिने एकदा उकिरडा उपसलेला होता.

मोसमातली मुख्य स्पर्धा तोंडावर आली तेव्हा टाइल्सवाल्यांनी फोन करून सरळ सांगितलं. रविवारी ठिणगीने एकही दांडी न पाडता स्वच्छ फेरी काढली तर ठीक. नाहीतर पैदाशीचा फार्म असलेला एक माणूस तिला मागतोय, तो रविवारी मैदानावर येणारच आहे. तिची आई नामांकित होती, शिंगरं चांगली होतील. "शेवटी घोडीचं काम तेच," ते म्हणाले. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. ठिणगी सात वर्षांची होती, उड्या मारायच्या तिच्या ऐन उमेदीत. आणि भाचीकडे तिच्याइतका दुसरा घोडा नव्हता. ठिणगी गेली की भाचीही कुठल्या तरी मोठ्या पागेत नोकरी शोधणार, हे मावशींना न सांगताही कळत होतं.

गुरुवारी घोड्यांच्या डॉक्टरीणबाई लशी द्यायला आल्या. चाळिशीच्या आतल्या, हसऱ्या, घोडा पाहिला की आधी त्याच्याशी बोलणार आणि मग माणसांशी. धुण्याच्या ओट्यावर दादा ठिणगीच्या पायांवर पाणी सोडत होता. पाणी कुशीला लागलं तशी ती किंचाळली, मागचे पाय फाकवून खाली बसल्यासारखी झाली, शेपूट बाजूला घेतली आणि पलीकडच्या कठड्याला बांधलेल्या शहाण्याकडे पाहत राहिली. शहाणा बिचारा गवत खात होता. त्याला काय त्याचं.

"ही तर छान माजावर आहे की," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या.

पाण्याचा पाइप दादाच्या हातून निसटला. बँकेतला साहेब जिथे होता तिथेच थांबला. भाचीने खाली पाहिलं. मावशी शांतपणे भिंतीकडे गेल्या, फावडं घेतलं आणि आणून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.

"हे काय?"

"इथला नियम आहे. सगळ्यांना सारखा."

नियम काय ते दादाने हळू आवाजात समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाई पोट धरधरून हसल्या. मग त्यांनी फावडं ओट्याला टेकवून ठेवलं. "उपसते. शब्द दिला. पण आधी हिचं पोट बघते. ही अशी किंचाळली ते मला आवडलं नाही."

"माजावरची घोडी किंचाळते. त्यात बघायचं काय?" मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच्या तोंडून काय निघालं ते लक्षात येऊन त्यांनी ओठ मिटले. दादा खोकला.

खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून डॉक्टरीणबाईंनी मागून हात घातला, सोनोग्राफीचं यंत्र आत सरकवलं आणि छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे उजवं अंडाशय. गप्प आहे. आता डावं बघा." पडद्यावर एक काळाभोर गोल दिसला. "केवढा फुगा आहे बघा. बीज पिकलंय, दोन-तीन दिवसांत फुटेल. आता मी हलकेच दाबते." ठिणगीची पाठ खचली. तिने दात करकरा खाल्ले आणि मागचा डावा पाय उचलून धरला. "उजवीकडे दाबते. बघा, काही नाही." पुन्हा डावीकडे. पुन्हा पाय वर.

मावशींनी पदवी कपाटात अंथरली असली तरी शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"बहुतेक घोड्यांना यातलं काही होत नाही," डॉक्टरीणबाई हातमोजा उलटा काढत म्हणाल्या. "तुमचा नियम मला आवडला, खोटं नाही सांगत. मला रोज फोन येतात, घोडी ऐकत नाही, माज आलाय, काहीतरी द्या. जाऊन बघावं तर खोगीर टोचतंय, नाहीतर वर बसलेला माणूस धसमुसळा. तोच त्रास खच्ची घोड्याला असता तर लोकांनी पायापासून कानापर्यंत तपासला असता. घोडी म्हटली की नाव ठेवून मोकळे. पण काही घोड्यांना खरंच दुखतं. ही त्यांतली आहे. बीज फुटायच्या सुमाराला हिची डावी कूस दुखते, आणि नेमकी तिथेच तुम्ही टाच लावता आणि तंग आवळता. पाठ ताणून उडी मारायला सांगता. ती कशी मारणार?"

"दर वेळी होतं?"

"मला काय विचारता? तुमच्या माणसांना विचारा. तीन-तीन आठवड्यांनी माजाचा फेरा येत असणार. यांना दिसत नाही का?"

 मावशींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी दादाने पाण्याचा पाइप उचलून नीट गुंडाळायला घेतला. "दिसतं मावशी. पहिल्यापासून दिसतं."

"आणि माशा?"

"माशाही होत्या. थोड्या."

"मी जाळ्या लावून घेतल्या."

"जाळ्या छान आहेत," दादा म्हणाला. "त्या राहू द्या."

"वाळू?" मावशींनी बँकेतल्या साहेबाकडे मान वळवली.

"वाळू मी... म्हणजे उकिरड्यापेक्षा वाळू बरी, असं वाटलं," साहेब म्हणाला. बँकेत तो म्हणे बऱ्याच लोकांना घाम फोडत असे.

  डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. एक औषध असतं, तेलासारखं, रोज खाण्यातून द्यायचं. ते दिलं की फेरा थांबतो, सोडलं की पुन्हा सुरू होतो. स्पर्धेत घोडीला चालतं, तरी नियमांची यंदाची प्रत बघून घ्या. पण ते आधीपासून द्यावं लागतं. हा फुगा आता काही थांबत नाही. आणि दुखणं मारणारं औषध द्याल तर तपासणीत सापडेल आणि घोडी बाद होईल. रविवारी फार तर दुखतं तशीच मैदानात ओढून नेता येईल तिला. "उतरवायची की नाही ते तुम्ही ठरवा," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फावडं घेऊन खरोखरच उकिरड्याकडे गेल्या. दादा त्यांच्या मागे धावला, तर मावशी म्हणाल्या, "उपसू दे. शब्द दिलाय तिने."

संध्याकाळी वरच्या खोलीत मावशी लगामाला साबण लावत बसल्या होत्या. भाची दुसऱ्या खुर्चीवरचं खोगीर खाली ठेवून समोर बसली. हे एक धाडसच होतं.

"मावशी, तुला दुखायचं?"

"कधी?"

"तू उड्या मारायचीस तेव्हा. त्या दिवसांत."

"दुखायचं की. जीव जायचा."

"मग?"

"मग काय. मारायची उडी."

 "आणि दांड्या पडायच्या?"

मावशींचा हात लगामावर थांबला. या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर फावडं मिळालं असतं.

"पडायच्या," त्या म्हणाल्या. "नेहमी नाही. पण पडायच्या. मी म्हणायची घोडा आळशी आहे."

"मला पण दुखतं," भाची म्हणाली. "तुला सांगितलं नाही कधी."

"ते दिसतंय आता, कोण काय सांगत नाही ते." मावशींनी साबणाचं फडकं आपटलं. राग भाचीवर नव्हता. "त्या सरांना मी खोटं पाडायला निघाले होते. कुठे काही होत नाही, बाई असो की घोडी, काही फरक पडत नाही, हे दाखवायला. आता उद्या त्या टाइल्सवाल्याकडे जाऊन म्हणायचं, की फरक पडतो. तो म्हणणार, बघा, मी म्हणत होतो."

"नको सांगूस मग. मी रविवारी काढते कशी तरी फेरी."

"तिला दुखत असताना?"

"तूच शिकवलंस."

मावशींनी भाचीकडे असं पाहिलं की तिने उठून खोगीर पुन्हा खुर्चीवर ठेवलं. मावशींनी लगाम पुसला, वाळवला, खिळ्याला टांगला. मग म्हणाल्या, "मी चुकीचं शिकवलं. जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडता उघडता मावशी टाइल्सवाल्यांच्या समोर उभ्या होत्या. दुकानात ओळीने कोरडी न्हाणीघरं मांडलेली. नळ होते, पाणी नव्हतं, आरशात सगळीकडून मावशींचे चिखलाचे बूट दिसत होते. टाइल्सवाले एका पांढऱ्या टबाच्या कडेवर टेकले. गल्ल्यावर त्यांची बायको काहीतरी लिहीत होती.

"रविवारी ठिणगी उतरणार नाही," मावशी म्हणाल्या. "तिला दुखतंय."

"पाय?"

"पाय नाही. ती माजावर आहे, आणि तिच्या डाव्या अंडाशयाला दुखतं. सगळ्या घोड्यांना दुखत नाही. तिला दुखतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर तपासलंय."

टाइल्सवाल्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर विजय नव्हता, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. "मावशी, मी पहिल्यापासून म्हणत होतो. घोडी म्हटली की हे आलंच. तुम्ही ऐकून घेत नव्हता."

"तुम्ही म्हणत होता ते वेगळं. मागच्या वर्षी शहाण्याचं खूर तडकलं. तो कितीतरी दिवस बसून होता. तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"रोज फोन केलात. माझं डोकं खाल्लंत. गाजरं पाठवलीत. घोडा म्हटला की हे आलंच, त्याला विकून टाका, असं म्हणालात?"

"खुराचं वेगळं आहे. खूर बरं होतं."

"हेही होतं. औषध आहे, रोज द्यायचं, स्पर्धेला चालतं. रविवारी ते उपयोगाचं नाही, पुढच्या स्पर्धेपर्यंत लागू पडेल. दीड महिना द्या."

"तो फार्मवाला रविवारी येतोय."

"त्याला म्हणावं थांब."

टाइल्सवाले गालावर हात फिरवत बसले. गल्ल्यावरून आवाज आला. "आपल्याकडच्या पोरी दिवसभर उभ्या राहून टाइल्स दाखवतात. महिन्यातून एकदा एखादी कंबरेला हात लावून भिंतीला टेकलेली असते. त्यांना दोन खुर्च्या आणा म्हणून मी वर्षभर सांगतेय." बायकोने वर पाहिलं नव्हतं.

"इथे घोडीचं चाललंय," टाइल्सवाले म्हणाले.

"ऐकतेय मी."

टाइल्सवाले टबावरून उठले. "ठीक. दीड महिना. पण तेव्हाही दांड्या पाडल्या तर?"

"तर तिला फार्मच्या गाडीत मी स्वतः चढवीन," मावशी म्हणाल्या. पायऱ्या उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण फारच मोठं बोलून गेलो. पण बोललेलं मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

परतल्यावर त्यांनी पागेच्या मधल्या वाटेत सगळ्यांना उभं केलं. "आजपासून घोडीचा फेरा दिसला की मला सांगायचं. शहाण्याचा पाय सुजला तर जसं सांगता तसं. निमित्त म्हणून सांगाल, न बघता सांगाल, तर उकिरडा आहे. आणि दिसूनही लपवाल तर दोन दिवस उकिरडा आहे." दादाने विचारलं, आधीचं धरायचं का. मावशी म्हणाल्या, आधीचं धरलं तर पहिलं फावडं मलाच घ्यावं लागेल, आणि माझे गुडघे ऐकायचे नाहीत.

औषध आलं. ते कातडीतून अंगात शिरतं, बायकांनी तर हात लावताना फारच जपायचं, नाहीतर स्वतःचाच फेरा विस्कटेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. भाचीला मावशींनी बाटलीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. रोज सकाळी स्वतः कोंड्या-गुळाच्या चाटणात कालवून द्यायच्या. फोनवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हातमोजे घालता ना? मावशी म्हणाल्या, माझं सगळं केव्हाच आटोपलंय, मला काय होणार. पलीकडून एवढं ऐकावं लागलं की दुसऱ्या दिवसापासून त्या हातमोजे घालू लागल्या. ठिणगी चाटण संपवून भांडंही चाटायची.

आठवडाभरात शेपटीचे फटकारे थांबले. तंग आवळताना ती जांभई देऊ लागली. पण मावशींनी ते लगेच खरं धरलं नाही. चांगले दिवस तिला आधीही येत असत. फेरा यायच्या सुमाराला त्यांनी भाचीला डावीकडचं वळण आणि पुढे उंच उडी लावून दिली. ठिणगी कान पुढे करून गेली, पाठ गोल केली, मागचे पाय वर ओढून घेतले. दादाने कठड्यावरून विचारलं, "मावशी, वाळू बरी आहे ना आता?" मावशी म्हणाल्या, "वाळूला नाव ठेवायला जागा नाही."

स्पर्धेच्या दिवशी फार्मवाला आला होता, टाइल्सवाल्यांच्या शेजारीच बसला होता. जाड, शांत माणूस. त्याला काही घाई नव्हती. मावशी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. घंटा झाली आणि भाचीने ठिणगीला सोडलं.

पहिल्या उड्या अलगद गेल्या. डावीकडचं पहिलं वळण आलं, पुढे दुहेरी उडी. ठिणगी आत वळली, दोन्ही अडथळे ओलांडून गेली, कुठे नालाचा आवाजही नाही. मग लांब उडी, मग भिंत. शेवटून दुसऱ्या उडीपाशी भाचीने वेळ वाचवायला वळण कापलं. मावशींना ते आधीच दिसलं. घोडी अडथळ्याच्या अगदी जवळ येऊन पोहोचली, उडी घ्यायला जागाच नाही. तरी घेतली. पुढच्या खुराला दांडी लागली, खोबणीत डुगडुगली आणि पडली. शेवटची उडी स्वच्छ.

टाइल्सवाले खाली उतरून मावशींपाशी आले. मागोमाग फार्मवालाही. "पडली," टाइल्सवाले म्हणाले. आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "मावशी, तुम्ही बोलला होता."

"बोलले होते. घोडीने पाडली असती तर आत्ता चढवली असती."

"मग कुणी पाडली?"

मावशी उत्तर देणार तोवर भाची घोडीवरून उतरून तिला घेऊन आलीच. घामाने ओली, तोंड पडलेलं. मावशींनी भाचीकडे हात केला. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. जे काय होणार होतं ते आता भाचीच्या हातात होतं, आणि मावशींना तिला डोळ्यांनीही काही सांगायचं नव्हतं.

"काय झालं गं?" टाइल्सवाल्यांनी विचारलं.

भाचीने लगाम दुसऱ्या हातात घेतला. "मी घड्याळाकडे पाहिलं. वळण कापलं आणि तिला नको तितकी जवळ आणली. ती बरोबर होती. तिने तरी उडी मारली, दुसरा कुणी थांबला असता."

"कुठे दुखलं-बिखलं नाही ना तिला?"

"नाही. आज नाही."

टाइल्सवाल्यांनी ठिणगीच्या कपाळावर हात ठेवला. ती त्यांच्या खिशात नाक खुपसून काहीतरी शोधत होती. फार्मवाल्याने तिच्या मागच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "पूर्वी मागच्या पायांनी पाडायची ना ही?" तो म्हणाला. "आज मागचे पाय कुठेच लागले नाहीत. माझं विचाराल तर ही अजून पाच-सहा वर्षं माझ्या उपयोगाची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उडू द्या तिला. नंतर या." त्याने मावशींना मान लववली आणि दुसऱ्या कुणाची तरी घोडी बघायला निघून गेला.

टाइल्सवाले हसले, खिसा झाडून ठिणगीला दाखवला, काही नाही म्हणाले. मग भाचीला म्हणाले, "घड्याळ बघायला मी आहे. तू समोर बघ." आणि बायकोला फोन लावत पायऱ्या चढून गेले.

दादाने ठिणगीचं खोगीर उतरवलं. भाची तिला फिरवायला घेऊन निघाली. मावशी शेजारून चालत राहिल्या.

"उद्या सकाळी तेच वळण," मावशी म्हणाल्या. "सकाळभर."

"मावशी, उद्या माझं पोट दुखणार आहे बहुतेक."

मावशींनी ठिणगीच्या डाव्या कुशीवरून हात फिरवला. "मग परवा," त्या म्हणाल्या. "पण परवा नक्की."